गाडी दिसायला शोरूमसारखीच राहिली पाहिजे, आवाज मात्र बदलायचाय

केळीबाग (जळगाव)
नमस्कार मंडळी.
अण्णांची, म्हणजे वडिलांची, हॅचबॅक आहे. चार वर्षं झाली, मधलं व्हेरिएंट. कंपनीचा टचस्क्रीन स्टिरिओ, चार दारांत चार स्पीकर, ट्वीटर (वरच्या, बारीक सुरांचे छोटे स्पीकर) नाहीत. अण्णा गाडीला फार जपतात. त्यांची एकच अट आहे, "आत बसल्यावर काही बदललंय असं दिसायला नको." दाराची कापाकापी नको, मागच्या ट्रेला भोकं नकोत, डिकीत खोकं नको, लाल-निळे दिवे तर नकोच.

अडचण आवाजाची आहे. माझ्या आजीच्या, आईच्या आईच्या, आवाजातली आखाजीची, म्हणजे अक्षय्य तृतीयेची, गाणी आमच्याकडे आहेत. झोक्यावरची, गौराईची. मामांनी खूप वर्षांपूर्वी घरच्या टेपवर भरून ठेवली होती. मागच्या वर्षी मी ती कॅसेट कॉम्प्युटरवर उतरवून पेनड्राइव्हवर घेतली. आजी आता नाही. घरी हेडफोन लावून ऐकलं की शब्द कळतात, गाडीत मात्र आवाजावर घोंगडी टाकल्यासारखं होतं. आई म्हणते, "मायचा आवाज येतो, पण माय म्हणते काय ते कळत नाही." आवाज वाढवला की दार खडखडायला लागतं.

येत्या आखाजीला आईला माहेरी शहाद्याकडे न्यायचंय. त्याआधी हे काम झालं पाहिजे. दोन दुकानांत विचारलं. एक म्हणे बेस ट्यूब (दणक्यासाठीचा नळकांड्यातला स्पीकर) टाका, दुसरा म्हणे स्टिरिओच बदला. मला दणदणाट नको, शब्द कळले पाहिजेत. बजेट बारा ते पंधरा हजार. कोणी केलंय का असं काम?

कळण्याची_भाकर (धरणगाव)
वाचूनच गलबलून आलं भाऊ. तांत्रिक काही सांगता येणार नाही, पण धागा सोडू नका, शेवटी काय झालं ते लिहा.

सातपुडा_पायथा (शहादा)
आखाजीले शहादाले येस का? मंग भेटसूत. बेस ट्यूबना नादले लागू नको भाऊ, तिन्हा आवाज फक्त बाहेर उभा ऱ्हायेल मानसाले ऐकू येस.

पांझराकाठ (धुळे)
अकरा वर्षं गाड्यांच्या वायरिंगचं आणि म्युझिकचं काम करतोय, म्हणून सविस्तर लिहितो.

बेस ट्यूब किंवा वेगळा सबवूफर तुमच्या कामाचा नाही. माणसाच्या आवाजाचा गाभा साधारण ३०० ते ३,००० हर्ट्झमध्ये असतो. त, ट, स, श, च ही व्यंजनं नीट कळायला त्याच्याही वरचा भाग लागतो. कंपनीच्या स्वस्त स्पीकरला कागदी पडदा आणि लहान मॅग्नेट असतं, आणि ट्वीटर नसला की वरचा भाग जवळपास गायब होतो. जो काही येतो तो दारातून तुमच्या पोटऱ्यांवर आदळतो. शब्द पुसट होतात ते इथेच.

स्टिरिओ तसाच राहू द्या. खोक्यावर "५० वॅट गुणिले ४" छापलेलं असलं तरी तो क्षणभराचा आकडा असतो, सलग ताकद चॅनलमागे १५ ते २० वॅटच्या आसपास. तेवढी पुरते, फक्त स्पीकर निवडताना सेन्सिटिव्हिटी, म्हणजे तेवढ्याच ताकदीत तो किती मोठा वाजतो, ते बघा. ८६ डेसिबलच्या स्पीकरला जो आवाज काढायला चौपट ताकद लागते, तो ९२ वाला सहज काढतो. दुकानात सगळे "३०० वॅट" विचारतात, हा आकडा कोणी विचारत नाही. आणि चार ओहमचेच घ्या. दोन ओहमचे लावले तर कंपनीचा स्टिरिओ तापतो, आपल्याकडच्या मे महिन्यात तर लवकरच.

पैसा पुढच्या दोन दारांत घाला. मागचे कंपनीचेच ठेवा, फेडर (पुढचा-मागचा आवाज कमी-जास्त करायची सेटिंग) थोडा पुढे ओढा.

आडवी_वाट (अमळनेर)
मागचे तसेच ठेवा हे पटलं नाही. मागे बसणाऱ्यांनी काय पाप केलंय? आमच्याकडे आई-वडील कायम मागेच बसतात.

पांझराकाठ (धुळे)
@आडवी_वाट, दादा, तुमचा मुद्दा बरोबर आहे, मी पुढे बसणारे धरून लिहिलं. केळीबाग, आई कुठे बसतात?

केळीबाग (जळगाव)
आई पुढेच बसते, अण्णा मागे. गाडी चालवणाऱ्यावर लक्ष ठेवायला तिला पुढची जागा लागते.

कळण्याची_भाकर (धरणगाव)
ही जागा खान्देशात कायद्याने आईचीच आहे.

भुसावळ_जंक्शन
मी दोन वर्षांपूर्वी हेच केलं, तेव्हा काही गोष्टी स्वतः सोसून कळल्या.

पहिली गोष्ट वायर. जळगावातल्या एका दुकानदाराने (नाव घेत नाही) माझे चारही कपलर (वायर जोडायचे प्लग) कटरने तोडले आणि वायरी पिळून वर काळी टेप गुंडाळली. आमच्या भुसावळला मे महिन्यात ४५ अंश म्हणजे रोजचं. उन्हात उभ्या गाडीत आत ६० च्या वर सहज जातं. त्या टेपचा डिंक वितळून वायर चिकट झाली, टेप सुटली, आणि एक दिवस डाव्या दाराचा आवाज बंद. कंपनीत नेली तर त्यांनी कापलेली वायर दाखवली आणि वॉरंटीचा विषय तिथेच संपला.

आता प्रत्येक गाडीसाठी तयार कपलर मिळतात. एका टोकाला कंपनीच्या सॉकेटमध्ये बसणारा प्लग, दुसऱ्या टोकाला स्पीकरच्या पट्ट्या. शंभर-दोनशे रुपयांत जोडी. काही कापायचं नाही, गाडी विकताना जुने स्पीकर परत लावून नवे काढून घ्यायचे. गुंडाळायचंच असेल तर वायरिंग हार्नेसची कापडी टेप घ्या, ती उन्हाला टिकते.

दुसरी गोष्ट रिंग. नवा स्पीकर कंपनीच्या जागेवर थेट बसत नाही, मध्ये स्पेसर लागतो. दुकानात एमडीएफची, म्हणजे दाबलेल्या लाकडी भुशाची, रिंग देतात. दाराच्या आत पावसाचं पाणी कायम उतरतं, काचेच्या कडेने येतं आणि खालच्या भोकांतून निघून जातं. एका पावसाळ्यात माझी एमडीएफ रिंग पुरणपोळीसारखी फुगली. प्लास्टिकची, एचडीपीई किंवा एबीएस, तीच घ्या.

वाघूर (जामनेर)
काच पूर्ण खाली करून खोली मोजा. हे सगळे विसरतात. काच वर असताना सगळं छान बसतं आणि टोलनाक्यावर काच उतरवली की मॅग्नेटला टक्कन लागते.

पांझराकाठ (धुळे)
वाघूर, अगदी बरोबर. याच्या उलटही होतं. काच वाचवायला जाड रिंग लावली की स्पीकर बाहेर येतो आणि कंपनीच्या जाळीला आतून लागतो. कोअॅक्सियल स्पीकरमध्ये ट्वीटर मधोमध वर आलेला असतो, तो तर हमखास घासतो. मग दुकानदार म्हणतो, जाळी काढून आमची चमकदार जाळी लावू. अण्णांची अट तिथेच मोडली.

म्हणून मी कंपोनंट सुचवतो. दारात फक्त वूफर (खालच्या आणि मधल्या सुरांचा स्पीकर), तो सपाट असतो आणि जाळीमागे मावतो. ट्वीटर वेगळा, वर आरशाच्या मागच्या त्रिकोणात.

केळीबाग (जळगाव)
पण आमच्या त्रिकोणात ट्वीटरची जागाच नाही, नुसतं काळं प्लास्टिक आहे. तिथे गोळा चिकटवला तर अण्णा गाडीत बसणार नाहीत.

पांझराकाठ (धुळे)
गोळा चिकटवायचाच नाही. तुमच्याच मॉडेलच्या वरच्या व्हेरिएंटला कंपनीने ट्वीटर दिलेत का बघा. दिले असतील तर त्या व्हेरिएंटचा जाळीवाला त्रिकोण कंपनीच्या स्पेअर पार्ट काउंटरवर मिळतो. चेसिस नंबर सांगून पार्ट नंबर काढून घ्या. किंमत किरकोळ असते. तोच रंग, तेच टेक्स्चर, त्याच क्लिपा. आपला ट्वीटर त्याच्या मागे बसवायचा. बाहेरून बघणाऱ्याला वाटतं गाडी टॉप मॉडेल आहे.

कळण्याची_भाकर (धरणगाव)
अण्णा यावर खूश होतील असं मला मनापासून वाटतं.

गिरणाकाठची (भडगाव)
एक महत्त्वाचं कोणी लिहिलं नाही म्हणून लिहिते. नव्या गाड्यांत काचेच्या कडेच्या खांबात कर्टन एअरबॅग असते. तिथे ट्वीटर बसवणं किंवा तिच्यावरून वायर नेणं धोक्याचं आहे, एअरबॅग उघडायला अडथळा होतो. त्रिकोणातला ट्वीटर म्हणूनच बरा, त्याची वायर दारातल्या दारात राहते.

दुसरं, काही गाड्यांत बाजूच्या धडकेसाठी दाराच्या आत हवेचा दाब ओळखणारा सेन्सर असतो. त्या दारातली भोकं मनाने बंद करायची नसतात, मनाने नवी पाडायचीही नसतात. तुमच्या गाडीत तो आहे का, हे सर्व्हिस सेंटरला विचारा. आणि डोअर पॅड (दाराचं आतलं आवरण) काढण्याआधी चावी काढून बॅटरीची निगेटिव्ह वायर सोडा, काही मिनिटं थांबा. गाणी महत्त्वाची आहेतच, पण आई पुढे बसते असं तुम्हीच लिहिलंय.

केळीबाग (जळगाव)
ताई, खूप आभार. हे कुठल्याच दुकानात कोणी सांगितलं नाही. उद्याच विचारतो.

आडवी_वाट (अमळनेर)
कोअॅक्सियलला उगाच बदनाम करू नका. माझ्या गाडीत कोअॅक्सियल आहेत, जाळी कंपनीचीच आहे, काही घासत नाही. साडेतीन हजारांत जोडी. कंपोनंटसाठी सात-आठ हजार घालायची गरज सगळ्यांना नसते.

पांझराकाठ (धुळे)
मान्य. ज्या दारात जागा आहे तिथे कोअॅक्सियल उत्तम, बसवायलाही सोपे. पण शब्द कळणं हीच मागणी असेल तर ट्वीटर कानाच्या जवळ, वर असलेला चांगला. गुडघ्याजवळचा ट्वीटर गुडघ्यालाच ऐकू येतो.

तापी_पूल (सावदा)
थोडं विषयांतर. आमच्या मळ्यात थंडीत भरीत पार्टी असते. चुलत भाऊ गाडीची चारही दारं उघडून गाणी लावतो आणि म्हणतो, "आत बसलं की दणका, बाहेर बेसच येत नाही, स्पीकर खराब दिला." खरंच खराब असेल का?

भुसावळ_जंक्शन
खराब नाही. बंद गाडीच्या लहानशा खोलीत खालचे सूर आपोआप मोठे होतात, दारं उघडली की ती खोली राहत नाही. आणि इंजिन बंद ठेवून दोन-तीन तास वाजवलं की बॅटरी उतरते. पूर्ण भरलेली बॅटरी १२.६ व्होल्ट दाखवते, १२ च्या आसपास आली की समजा रिकामी झाली. मग त्या मळ्यातून धक्का मारत न्यायची वेळ येते.

तापी_पूल (सावदा)
ती वेळ येऊन गेली आहे. मागच्या डिसेंबरात. काळ्या मातीत. पाच जणांनी ढकलली.

सातपुडा_पायथा (शहादा)
भरीत कोणतं व्हतं ते सांगा. बामणोदचं वांगं व्हतं का?

तापी_पूल (सावदा)
बामणोदचंच. काड्यांवर भाजलेलं, वर कच्चं तेल, सोबत कळण्याची भाकर. (धागाकर्ते माफ करा.)

जुनी_टेप (चाळीसगाव)
मी कॅसेटच्या जमान्यातला माणूस. टेप आणि रेडिओ दुरुस्तीचं दुकान होतं, आता बंद केलं. तुमच्या आजीच्या गाण्यांबद्दल बोलतो, कारण इथे सगळे गाडीबद्दल बोलत आहेत.

घरगुती टेपरेकॉर्डरवर भरलेलं बहुधा मोनो असतं, म्हणजे दोन्ही बाजूंना एकच आवाज. तुम्ही ते उतरवताना स्टिरिओ केबल लावली असेल आणि डेकचं हेड (टेप वाचणारा भाग) जरा तिरपं किंवा मळलेलं असेल, तर एका बाजूचा आवाज चांगला आणि दुसऱ्या बाजूचा दबलेला येतो. हेडफोनवर मेंदू चांगली बाजू धरून शब्द लावून घेतो. गाडीत मात्र चांगली बाजू समजा उजव्या दारातून आली, तर ड्रायव्हरला शब्द कळतील आणि डावीकडे बसलेल्या आईला दबलेली बाजू ऐकू येईल.

तपासायला सोपं आहे. स्टिरिओचा बॅलन्स आधी पूर्ण डावीकडे, मग पूर्ण उजवीकडे न्या. फरक पडला तर फाइल बिघडलेली आहे. कॉम्प्युटरवर चांगली बाजू दोन्हीकडे ठेवून मोनो करा. दोन बाजू नुसत्या मिसळू नका, हेड तिरपं असेल तर मिसळताना वरचे सूर एकमेकांना खाऊन टाकतात.

कॅसेट अजून जपून ठेवली असेल तर पुन्हा उतरवलेलं उत्तम. आधी हेड स्पिरिटने पुसा. हेडच्या बाजूला एक बारीक स्क्रू असतो, गाणं चालू असताना तो अगदी केसभर फिरवायचा. ज्या जागी आवाज सगळ्यात मोकळा आणि खरखर सगळ्यात बारीक, धारदार ऐकू येते, ती बरोबर जागा. खरखर वाढली म्हणून घाबरू नका. खरखर स्वच्छ ऐकू येते म्हणजे आवाजही पूर्ण येतोय.

आणि उतरवलेली फाइल व्हॉट्सअॅपवरून फिरवलेली असेल तर ती गाडीत वापरू नका. मूळ फाइल पेनड्राइव्हवर टाका.

केळीबाग (जळगाव)
काका, आत्ता खाली जाऊन गाडीत बॅलन्स फिरवून आलो. तुम्ही म्हणालात तसंच आहे. उजवीकडे आजी, डावीकडे नुसती गुणगुण. गाडी मी चालवतो म्हणून मला कळायचं आणि मी आईला म्हणायचो, "ऐकू तर येतंय की." वाईट वाटतंय. कॅसेट आहे, मामांकडून टेप मागवतो.

कळण्याची_भाकर (धरणगाव)
जुनी_टेप काका, तुमच्यासारखी माणसं आहेत म्हणून इथे यावंसं वाटतं.

आडवी_वाट (अमळनेर)
म्हणजे स्पीकर बदलायची गरजच नव्हती?

जुनी_टेप (चाळीसगाव)
गरज आहे. ट्वीटर नसलेल्या गाडीत चांगली फाइलही दबलेलीच ऐकू येईल. पण स्पीकर बदलून फाइल तशीच ठेवली असती तर पंधरा हजार घालूनही आईच्या बाजूला गुणगुणच राहिली असती. एक सूचना, ट्वीटर कापडी घुमटाचा, सिल्क डोमचा घ्या. धातूचा ट्वीटर कॅसेटची खरखर टोचरी करतो.

पांझराकाठ (धुळे)
काकांना दुजोरा. बऱ्याच कंपोनंट सेटच्या क्रॉसओव्हरवर (वूफर आणि ट्वीटरला आपापले सूर वाटून देणारा डबा) ट्वीटर तीन डेसिबल कमी करायची सोय असते, ती जागा बघून ठेवा. क्रॉसओव्हरचा डबा दाराच्या पत्र्यामागे टाकू नका, तिथे पाणी असतं. पत्र्यावर कंपनीने चिकटवलेल्या प्लास्टिकच्या कागदाच्या अलीकडे, डोअर पॅडच्या बाजूला बसवा.

आता दाराच्या खडखडीबद्दल. दार म्हणजे पातळ पत्र्याचा डबा, त्यात भोकं. स्पीकरच्या मागचा आवाज त्या भोकांतून पुढे येऊन पुढच्या आवाजाला मारतो आणि पत्रा स्वतःही गातो. म्हणून ब्यूटाइलचं (रबरी) शीट लावायचं, अॅल्युमिनियमचा थर असलेलं, दोन मिलिमीटरचं.

आडवी_वाट (अमळनेर)
डॅम्पिंग हा दुकानदारांचा धंदा आहे. आठ हजार सांगतात.

पांझराकाठ (धुळे)
आठ हजारांचं करूच नका. पत्रा पूर्ण झाकायची गरज नसते. बाहेरच्या पत्र्यावर स्पीकरच्या मागे एक मोठा तुकडा आणि मधल्या भागात एक-दोन. बोटाने टकटक करून बघा, डब्याचा आवाज जाऊन लाकडासारखा बद्द आवाज आला की थांबा. दोन दारांना दीड-दोन हजारांत होतं. पत्रा आधी आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसायचा आणि रोलरने दाबून बसवायचं, नाहीतर उन्हात सुटतं.

स्वस्तात डांबराचं शीट कोणी देत असेल तर घेऊ नका. खान्देशच्या उन्हात ते ओघळतं आणि गाडीत रस्त्याच्या कामाचा वास येतो. माझ्याकडे अशी दोन दारं साफ करायला आली होती. रॉकेल आणि पत्री घेऊन अख्खा दिवस गेला.

भुसावळ_जंक्शन
आणि दाराच्या तळाची पाणी जायची भोकं बुजवू नका! शीट लावताना हमखास होतं. कंपनीचा प्लास्टिकचा कागद फाडू नका, जपून सोडवा आणि परत चिकटवा. तो नसला की पावसात पाणी डोअर पॅडमधून पायाशी येतं.

वाघूर (जामनेर)
क्लिपा जास्तीच्या घेऊन ठेवा. चार वर्षं उन्हात भाजलेली क्लिप काढताना एखाद-दुसरी तुटतेच. तुटलेलीसकट दार बसवलं की पुढे खडखड, आणि दोष स्पीकरला. प्लास्टिकची पट्टी वापरा, स्क्रू-ड्रायव्हर घातला की डोअर पॅडच्या कडेला पांढरा ओरखडा येतो आणि तो कधीच जात नाही. अण्णा सगळ्यात आधी तोच बघतील.

केळीबाग (जळगाव)
यादी लिहून घेतली. सर्व्हिस सेंटरला विचारलं, आमच्या दारात दाबाचा सेन्सर नाही. वरच्या व्हेरिएंटचा त्रिकोणही ऑर्डर केला. आता काम कोणाकडून करून घ्यावं?

पांझराकाठ (धुळे)
धुळ्याला या. रविवारी दुकान बंद असतं, आपण दोघं मिळून करू. आधी तुम्हीच क्लिप काढायची, मग पुढच्या वेळी माझी गरज पडणार नाही.

*(तीन आठवड्यांनंतर)*

केळीबाग (जळगाव)
झालं! वेळ मिळाला म्हणून आज सविस्तर.

गेल्या रविवारी सकाळी पारोळ्यावरून धुळ्याला गेलो. अण्णा सोबत आले, मीच पाहतो म्हणाले. पांझराकाठ दादांनी आधी पॉवर विंडोचं बटण काढायला शिकवलं, मग हँडलमागचा स्क्रू, आर्मरेस्टच्या तळातला स्क्रू, आणि मग खालच्या कोपऱ्यापासून एकेक क्लिप. पहिली टक्क झाली तेव्हा अण्णांनी डोळे मिटले. दोन तुटल्या, वाघूर भाऊंच्या सांगण्यावरून जास्तीच्या होत्याच.

मोजलं तर स्पीकर साडेसहा इंचीच. काच खाली करून खोली घेतली, १२ मिलिमीटरची प्लास्टिकची रिंग पुरली. जाळी कंपनीचीच. ट्वीटर नव्या त्रिकोणामागे. पत्र्यावर दोन-दोन तुकडे. दारावर थाप मारली तर आधी पातेल्यासारखा आवाज यायचा, आता जाड पाटासारखा.

दादांनी एक गोष्ट दाखवली ती सगळ्यांसाठी लिहितो. वायर जोडण्याआधी दीड व्होल्टचा साधा सेल स्पीकरला क्षणभर लावायचा. प्लसला प्लस असेल तर पडदा बाहेर येतो. दोन्ही दारांचे पडदे एकाच दिशेने हलले पाहिजेत. एक उलटा जोडला तर मधला आवाज पोकळ होतो आणि बेस गायब.

उजवं दार संपल्यावर तसंच वाजवून पाहिलं, डावं अजून कंपनीचं. अण्णा मागे बसले होते. काही बोलले नाहीत, खाली उतरून पुढच्या सीटवर येऊन बसले.

खर्च: कंपोनंट सेट साडेसात हजार, शीट अठराशे, रिंग, कपलर, त्रिकोण, क्लिपा मिळून अकराशेच्या आसपास. दादांनी मजुरी घेतली नाही. आईने दिलेला केळीचा घड आणि पापड घेतले.

कॅसेट काकांनी सांगितल्याप्रमाणे पुन्हा उतरवली. स्क्रू पाव फेराही फिरवला नसेल, आजीचा आवाज एकदम समोर आला. खरखर आहे, ट्वीटर तीन डेसिबल कमी केला.

जुनी_टेप (चाळीसगाव)
छान केलंत. मूळ कॅसेटच्या मागच्या कडेचे प्लास्टिकचे दोन छोटे तुकडे मोडून टाका, म्हणजे चुकून कोणी त्यावर दुसरं भरणार नाही. उभी ठेवा, स्पीकरच्या मॅग्नेटपासून लांब.

सातपुडा_पायथा (शहादा)
आखाजी कशी झाली ते सांगा.

केळीबाग (जळगाव)
चोपडा-शिरपूर रस्त्याने गेलो. शिरपूर येईपर्यंत आई काही बोलली नाही. मग तिसऱ्या गाण्याला ती स्वतःच म्हणायला लागली, आजीच्या मागून एक-एक ओळ. एका ठिकाणी थांबली आणि म्हणाली, "इतकी वर्षं मी हा शब्द चुकीचा म्हणत होते." मामाच्या घरी बायका झोक्याभोवती जमल्या होत्या, तिथे तिने बरोबर शब्द सांगितला. मावशीला पटला नाही, म्हणून मावशीला गाडीत बसवून ऐकवलं.

गिरणाकाठची (भडगाव)
मावशीला पटलं का?

केळीबाग (जळगाव)
नाही ताई. मावशी म्हणते मायच त्या दिवशी चुकली होती.

*(जून अखेर)*

केळीबाग (जळगाव)
एक अडचण आली. परवा पहिला मोठा पाऊस झाला. ब्रेक मारला की डाव्या दारातून पाणी हिंदकळल्याचा आवाज येतो.

भुसावळ_जंक्शन
तळाचं भोक बुजलं आहे. आजच उघडा. पाणी साठून राहिलं तर पत्रा आतून गंजतो.

केळीबाग (जळगाव)
दार उघडून दाराच्या खालच्या कडेच्या भोकात प्लास्टिकची पट्टी घातली. शीटचा नखाएवढा तुकडा अडकला होता, तो निघाल्यावर तांब्याभर पाणी पडलं. मग डोअर पॅडही काढून बघितलं. कागदाच्या अलीकडे सगळं कोरडं, क्रॉसओव्हर कोरडा, रिंग जशीच्या तशी. उजव्या दाराची भोकंही तपासली, मोकळी आहेत. या वेळी एकही क्लिप तुटली नाही.

वाघूर (जामनेर)
उरलेल्या क्लिपा डॅशबोर्डच्या कप्प्यात ठेवा, लागतात.

आडवी_वाट (अमळनेर)
माझ्या गाडीच्या मागच्या दारांसाठी तो १२ मिलिमीटरच्या रिंगचा कागदी साचा मिळेल का? माझे आई-वडील मागे बसतात.

केळीबाग (जळगाव)
साचा आहे दादा. पण तुमच्या मागच्या दाराची काच पूर्ण खाली करून आधी खोली मोजा आणि आकडा कळवा, मग पाठवतो.